तारेत गुंफलेली 'ती मंडळी': केल्टिक परीकथांवरच्या दागिन्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तांब्याच्या आणि चांदीच्या तारेत खडे गुंफून दागिने करते. विषय असतो आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, मॅन बेट आणि कॉर्नवॉल इथल्या, म्हणजेच केल्टिक, परीकथांचा. मेसेजमधून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय. प्रश्न तुमच्याच शब्दांत आहेत, फक्त फुलांचे इमोजी काढलेत.

१. वायर रॅपिंग म्हणजे नेमकं काय? सोनाराच्या कामापेक्षा वेगळं काय त्यात?

सोनार दोन तुकडे झाळून जोडतो. इथे आग नाही आणि झाळही नाही. जाड तारेचा सांगाडा वाकवायचा, त्यात खडा धरायचा आणि केसासारख्या बारीक तारेने वेढे देत सगळं एकमेकांना बांधायचं. जोड टिकतो तो तारेच्या ताणावर. म्हणून कुठलाही दागिना उलगडता येतो, आणि कंटाळा आला की मी माझेच जुने दागिने उलगडून टाकते.

ही कला परकी वाटत असेल तर घरातली मोत्यांची नथ भिंगाखाली धरा. मोती सोन्याच्या तारेत ओवून, तार पिळूनच जागेवर बसवलेले दिसतील. तिकडेही तारेचं काम जुनं आहे. इंग्लंडमध्ये नॉरफोकमधल्या स्नेटिशॅमला १९५० साली सापडलेलं लोहयुगातलं गळ्यातलं कडं ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आठ तारांचा एक पीळ, असे आठ पीळ पुन्हा एकमेकांत पिळलेले. म्हणजे चौसष्ट तारा, आणि वजन किलोभर! मानेचं काय होत असेल देव जाणे.

२. या पऱ्या म्हणजे लहानपणीच्या गोष्टींतल्या, छडीवाल्या पऱ्याच ना?

नाही. बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आयरिश भाषेत त्यांना म्हणतात 'एस शी'. यातल्या 'शी'चा अर्थ टेकाड किंवा मातीचा उंचवटा. (हो, आपल्याकडे शी म्हणजे काय ते मला माहीत आहे. हसून घ्या, मग पुढे वाचा.) तर 'एस शी' म्हणजे टेकाडातली माणसं. 'बॅनशी' हा शब्द तुम्ही ऐकला असेल, त्याचा अर्थही 'शी'मधली बाई एवढाच. घराण्यात कुणी जाणार असलं की ती आधी रडते.

आयरिश पुराणकथा सांगतात, की टूअहा डे डॅनन नावाचे देवांसारखे लोक माणसांकडून हरले आणि जमिनीखाली राहायला गेले. बॉइन नदीकाठचं न्यूग्रेंज हे प्रचंड थडगं इ.स.पू. ३२०० च्या आसपास बांधलेलं आहे. कथांमध्ये तो एंगस या देवाचा वाडा. याशिवाय आयर्लंडभर ४०,०००हून अधिक गोल मातीचे कोट आहेत. पुराणवस्तू तज्ज्ञांच्या मते ती बहुतेक मध्ययुगाच्या सुरुवातीची शेतघरं, पण गावकऱ्यांच्या लेखी ते 'परीकोट'. तिथली माती उकरायची नाही, झुडूप तोडायचं नाही.

त्या गोष्टींतली ही मंडळी बहुधा माणसाएवढीच उंच, देखणी, मानी आणि चटकन दुखावणारी असतात. पाळण्यातलं मूल उचलून नेतात आणि जागी आपलं किरकिरं मूल ठेवतात. या समजुतीने खरी माणसंही मेली. १८९५ मध्ये टिपरेरीत ब्रिजेट क्लियरी या शिवणकाम करणाऱ्या बाईला नवऱ्याने जाळून मारलं. ही आपली बायको नव्हे, तिच्या जागी आलेली कुणी दुसरीच आहे, असं त्याचं म्हणणं होतं. त्यामुळे 'क्यूट फेअरी पेंडंट करून द्या ना' असा मेसेज आला की माझा हात जरा थबकतो.

३. तुम्ही सारखं 'ती मंडळी' का म्हणता? सरळ परी म्हणा की.

रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हणायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. अंगावर फोड आले की 'देवी आल्या' म्हणायचे. भीती वाटते त्याला गोड नाव द्यायचं, ही तीच रीत. आयर्लंडमध्ये त्यांना 'चांगली माणसं' म्हणत, वेल्समध्ये 'टिलुइथ टेग', म्हणजे देखणं कुटुंब. मॅन बेटावर नुसतं 'ते स्वतः' म्हटलं तरी समोरच्याला कळे. मला ही पद्धत आवडली आणि लागली.

४. जुन्या काळी तिकडच्या बायका असे परीचे दागिने घालायच्या का?

नाही. खडा तारेत गुंफून त्याला 'फेअरी ज्वेलरी' म्हणणं हा अलीकडचा प्रकार आहे. माझ्या पेंडंटला कुणी 'प्राचीन केल्टिक' म्हणालं तर मीच आधी नाही म्हणेन.

खरी गंमत पुढे आहे. या मंडळींशी संबंधित ज्या वस्तू लोक खरोखर अंगावर बाळगत, त्या त्यांना दूर ठेवण्यासाठी होत्या. स्कॉटलंडमध्ये शेतात अश्मयुगीन गारगोटीची बाणाग्रं सापडत. लोक समजत की हे परींनी गुरांवर आणि माणसांवर मारलेले बाण. ते उचलायचे, चांदीत मढवायचे आणि गळ्यात ताईत म्हणून घालायचे. ज्याने मार बसतो तेच उलटवून ढाल करायचं. रोवन झाडाच्या दोन काटक्यांचा क्रूस लाल दोऱ्याने बांधून गोठ्यावर लावायचे, कपड्यांत शिवायचे. आणि लोखंड तर होतंच (प्रश्न ५).

आज गिऱ्हाईक सांगतं, 'परीसारखं दिसलं पाहिजे.' ज्यांच्या या गोष्टी, ते म्हणत, 'परीला आपण दिसायला नको.' माझ्या कामात मी हे दोन्ही धरून ठेवायचा प्रयत्न करते. बाणाच्या आकाराचा अकीक आणि त्याभोवती तारेत गुंफलेला लाल दोरा, हे माझं आवडतं डिझाइन. विकलं मात्र सगळ्यात कमी जातं.

५. लोखंडाची तार का नाही वापरत? स्वस्त पडेल.

स्वस्त पडेल, गंजेल, आणि सगळी गोष्टच मोडेल. या कथांमध्ये लोखंड म्हणजे त्यांच्यावरचा हुकमी उतारा. बाळाच्या पाळण्यावर चिमटा आडवा ठेवायचे, दारावर नाल ठोकायचे. वेल्समध्ये परीशी लग्न केलेल्या माणसाच्या गोष्टी आहेत. अट एकच, तिला लोखंड लागता कामा नये. एक दिवस घोड्याचा लगाम चुकून लागतो आणि ती निघून जाते.

बाळंतिणीच्या उशाखाली अडकित्ता किंवा विळी ठेवणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातलं काहीच नवं वाटणार नाही. दोन्हीकडे भीती एकच, मूल जाईल ही.

मग तुमच्यातले हुशार लोक विचारतात: कानातल्याचे स्टीलचे हूक चालतात का? स्टेनलेस स्टीलमध्ये लोखंडच सर्वांत जास्त असतं, म्हणजे कथेच्या हिशेबाने चालत नाहीत. मी चांदीचे हूक लावते, कान फारच नाजूक असतील तर नायोबियम या धातूचे. पण माझ्या पकडी, कटर आणि कानस पोलादाच्याच आहेत. म्हणजे प्रत्येक दागिना जन्मतःच लोखंडाला लागलेला असतो. याला माझ्याकडे उत्तर नाही.

६. मग कुठली तार वापरता? शिकायला कुठली घेऊ?

शिकायला तांबं. मऊ असतं, स्वस्त असतं, चुकलं तर वाईट वाटत नाही. एकच जागा पाच-सहा वेळा मागेपुढे वाकवली की कडक होते आणि मग तुटते. हे हाताला कळेपर्यंत चांदीला हात लावू नका. तांब्याला कथेतही जागा आहे. कॉर्नवॉलच्या कथिल-तांब्याच्या खाणींत 'नॉकर्स' नावाची ठेंगणी मंडळी राहत. भिंतीमागून ठकठक करून दरड कोसळणार असल्याचं सांगत, आणि खाणकामगार डब्यातला एक तुकडा त्यांच्यासाठी टाकत.

चांदी घ्यायची तर ९२.५ टक्क्यांची, उरलेलं बहुधा तांबं असतं. शुद्ध चांदी वेढे द्यायला लोण्यासारखी, पण सांगाड्याला लेचीपेची पडते. चांदीचीही कथा आहे. आयरिश पुराणकथांत लढाईत हात तुटलेला राजा नुआडा अपंग म्हणून राज्याला मुकला, तेव्हा वैद्य डियन केक्टने त्याला चांदीचा हात करून दिला. आणि 'जर्मन सिल्वर' नावाला भुलू नका. त्यात चांदी अजिबात नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. निकेलने पुष्कळांच्या अंगाला खाज सुटते.

७. व्हिडिओत सांगितलेल्या गेजची तार आणली, तरी डिझाइन जाड आणि बोजड झालं. काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही. गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक. बहुतेक परदेशी व्हिडिओंत अमेरिकन गेज असतो, आणि रविवार पेठेत किंवा भुलेश्वरला दुकानदार बहुधा ब्रिटिश 'एसडब्ल्यूजी' देतो. आकडा तोच, तार वेगळी. अमेरिकन २० गेज ०.८१ मिमी भरते, ब्रिटिश २० गेज ०.९१ मिमी. २४ ला अमेरिकन ०.५१, ब्रिटिश ०.५६. २८ ला ०.३२ आणि ०.३८. कागदावर फरक चिमूटभर दिसतो, पण शंभर वेढे शेजारी शेजारी दिले की अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त जागा खातात.

दुकानात गेज विचारूच नका, मिलिमीटर विचारा. सांगाड्याला ०.८ ते १ मिमी आणि वेढ्यांना ०.३ मिमी, एवढ्यात पहिली दहा डिझाइन्स होतात.

८. खडे कुठले शोभतात? सगळ्यांना लॅब्राडोराइटच का हवा असतो?

कारण तो हलवला की आतून निळी झळाळी सरकते. परींची 'नजरबंदी' म्हणजे आहे त्याहून वेगळं दिसणं, आणि ती या खड्यात आयतीच मिळते. पण त्याचं नाव कॅनडातल्या लॅब्राडोरवरून पडलंय, आयर्लंडशी संबंध शून्य. चंद्रकांत मणीही तसाच. तो चांदण्यात पाझरतो असं आपलेच कवी सांगून गेलेत. खरोखर तिकडचा दगड हवा असेल तर गॉलवेकडचा हिरवा कोनेमारा मार्बल. मात्र तो मऊ असतो, अंगठीत लवकर ओरखडतो.

अडचणीचा खडा म्हणजे आपल्याच दख्खनच्या बेसॉल्टमधला अ‍ॅपोफिलाइट. काचेच्या बर्फासारखा सुंदर, आणि बरेच जण खाणीतून आणलेला तुकडा पाठवतात. तो एका दिशेने सरळ चिरतो. तार जरा आवळली की टक्! पेंडंटमध्ये सैल पिंजरा करून देते, अंगठीत देत नाही. ओपल आणि मोत्यांसाठी प्रश्न १२ आधी वाचा.

९. केल्टिक गाठ म्हणजे परींचं चिन्ह का?

नाही. एकमेकांत गुंफलेल्या त्या पट्ट्यांची सर्वांत गाजलेली उदाहरणं ख्रिस्ती मठांतल्या हस्तलिखितांत आहेत. इ.स. ८०० च्या सुमाराचं 'बुक ऑफ केल्स' डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे, आणि ती बायबलमधली शुभवर्तमानं आहेत. न्यूग्रेंजच्या आत कोरलेलं तिहेरी वेटोळं तर केल्टिक भाषा तिथे पोचण्याआधीचं. त्यालाही सर्रास 'केल्टिक' म्हणून विकतात.

तारेला मात्र वेटोळं मानवतं. पक्कड फिरवली की आपोआप होतं. गाठीत तार स्वतःवरून तीनतीनदा जाते, दागिना फुगतो आणि केसांत अडकतो. म्हणून माझ्याकडे गाठी कमी आणि वेटोळी जास्त.

१०. पंख तर हवेतच ना?

हवेत तर देते. जुन्या आयरिश आणि स्कॉटिश गोष्टींत या मंडळींना पंख नसतात. ती घोड्यावरून येतात, वावटळीतून जातात. फुलपाखराचे पंख अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांनी आणि रंगभूमीने चिकटवले. मग १९१७ पासून यॉर्कशरच्या कॉटिंग्लीतल्या दोन मुलींनी कागदी आकृत्या टाचणीने उभ्या करून फोटो काढले, आणि तेच चित्र जगभर पक्कं झालं. कॉटिंग्ली इंग्लंडात, म्हणजे केल्टिकही नव्हे. पंखांच्या तारेच्या चौकटीत रेझिन भरते. उन्हात ते कालांतराने पिवळं पडतं, हे आधीच सांगून ठेवते.

११. टोकदार कानांचे इअर कफ जुन्या कथांत आहेत का? कान टोचलेले नाहीत, चालेल का?

कथांत टोकदार कान शोधत बसू नका, तेही चित्रकारांचंच देणं. पण सगळ्यात जास्त विकला जाणारा माझा दागिना हाच, आणि मला तो करायला आवडतो. अख्खा कान झाकणारे मोत्यांचे 'कान' आपल्या लग्नांत दिसतात, त्यामुळे आयांना तो फारसा विचित्र वाटत नाही. टोचायची गरज नाही, तार कानाच्या कडेला नुसती बसते. ऑर्डर देताना कानाचा बाजूने फोटो पाठवा, शेजारी रुपयाचं नाणं धरून. चष्मा किंवा श्रवणयंत्र असेल तर तेही सांगा. मागची तार खाली वळवावी लागते.

१२. ताई, पावसाळ्यात पेंडंट काळं पडलं. चिंच किंवा पितांबरी लावून घासू का?

आधी बघा, ते मुळातच काळं केलेलं आहे का. नक्षी उठून दिसावी म्हणून बरेचसे दागिने मी गंधकाच्या क्षाराने काळवून वरचा भाग पुसते. ते घासलंत तर माझी दोन दिवसांची मेहनत मोरीत जाईल. (शाकाहारी नसाल तर घरीही करता येतं. उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून चांदीच्या तुकड्याबरोबर झिपच्या पिशवीत ठेवा. तासाभरात चांदी तपकिरी होते, वास मात्र दोन दिवस राहतो.)

न काळवलेलं नुसतं तांबं असेल तर चिंच चालते. पण त्यात मोती, ओपल, कोनेमारा मार्बल किंवा मॅलाकाइट असेल तर आंबट काहीही लावू नका. ओपल सोडला तर बाकीच्यांना आम्ल थेट खातं, आणि ओपल ओलाव्यानेच बिघडू शकतो. चांदी मऊ सुती कापडाने पुसा. पावसाळ्यात हवा बाहेर काढलेल्या पिशवीत खडूचा तुकडा टाकून ठेवा, तो दमटपणा ओढतो.

१३. मानेवर हिरवा डाग पडला. भेसळ आहे का?

नाही. घामाने तांब्याचे क्षार होतात, ते हिरवे असतात. साबणाने जातात. सतत होत असेल तर पुढचा दागिना चांदीत घ्या.

१४. आयर्लंडच्या किनाऱ्यावरून आपोआप भोक पडलेला दगड आणलाय. मढवून द्याल?

आनंदाने. ब्रिटनच्या किनारी भागांत असे दगड तबेल्यात टांगत, रात्री घोड्यांना कुणी पळवून दमवू नये म्हणून. भोकातून पाहिलं की 'ती मंडळी' खऱ्या रूपात दिसतात, असंही म्हणत. म्हणून मी भोक तारेने भरत नाही, कडी बाजूने काढते.

मात्र तिकडे असाल तर उचलण्याआधी चौकशी करा. ब्रिटनमध्ये किनाऱ्यावरची वाळू आणि गोटे नेण्यावर कायद्याने बंधन आहे. आयर्लंडमध्ये तर परवानगीशिवाय पुरावस्तू शोधायला मेटल डिटेक्टर वापरणं हा गुन्हा आहे. परीकोटावरून किंवा पुरातन जागेवरून उचललेलं काही मी मढवत नाही. त्यासाठी परींना भ्यायची गरज नाही.

१५. हॉथॉर्नचा खरा काटा घालून मिळेल का?

मैदानात एकटं उभं असलेलं हॉथॉर्नचं झुडूप त्या मंडळींचं मानतात. १९९९ मध्ये काउंटी क्लेअरमधल्या लाटून इथे असंच एक झुडूप नव्या महामार्गाच्या आड येत होतं. कथाकार एडी लेनिहन यांनी जाहीर विरोध केला, आणि रस्ता झुडपाला वळसा घालून गेला. हे वाचून कोकणातल्या कुणालाही देवराई आणि राखणदार आठवतील.

त्यामुळे खरा काटा घालत नाही. शिवाय तो वाळून ठिसूळ होतो आणि स्वेटरमध्ये मोडतो. तांब्याची तार ठोकून, टोक कानशीने घासून काटा करते. टोचेल इतकं टोक मात्र ठेवत नाही.

१६. बाळाच्या बारशाला काही मिळेल? बाळाला घालता येईल असं?

बाळाच्या अंगावर घालायचं काही करत नाही. बारीक तार सुटली तर टोचते, मणी सुटला तर तोंडात जातो. पाळण्याच्या वर, हात पोचणार नाही इतक्या उंचावर टांगायला रोवनच्या लाल फळांसारख्या मण्यांचा झुपका करून देते. लोखंड हवंच असेल (प्रश्न ५), तर आजीला विचारा, तिच्याकडे अडकित्ता असेल.

१७. हे घातल्याने नशीब उघडतं का? दृष्ट लागत नाही का?

मी दागिने विकते, गुण विकत नाही. प्रश्न ४ मधल्या गोष्टी त्या काळच्या लोकांनी काय मानलं त्याबद्दल आहेत. कुणी 'एनर्जाइज्ड' असं लिहून दुप्पट भाव लावत असेल, तर जास्तीचे पैसे त्या शब्दाचे आहेत.

१८. मी लंडनला असते. तुमच्याकडून शिकून चांदीचं काम तिथे विकू शकते का?

हो, पण वजन करा. ब्रिटनमध्ये ७.७८ ग्रॅमपेक्षा जास्त वजनाची वस्तू 'चांदीची' म्हणून विकायची तर हॉलमार्क लागतो. तो लंडन, बर्मिंगहॅम, शेफील्ड किंवा एडिंबरा इथल्या 'अ‍ॅसे ऑफिस'कडून, म्हणजे धातूची शुद्धता तपासणाऱ्या कचेरीकडून, घ्यायचा असतो. नाजूक कानातलं सहसा या मर्यादेच्या आत बसतं, भरगच्च पेंडंट बसत नाही. एक पेच ध्यानात ठेवा: तांब्याच्या सांगाड्यावर चांदीची तार गुंडाळली असेल, तर वस्तू नुसती 'चांदीची' म्हणून विकू नका. दोन्ही धातू लिहा.

१९. सोन्याचं पाणी देऊन द्याल का?

तार गुंफून झाल्यावर पाणी दिलं तर वेढ्यांच्या फटींत नीट पोचत नाही, आणि बऱ्याच खड्यांना ती प्रक्रिया सोसत नाही. आधी पाणी दिलेली तार वापरली तर पक्कड लागेल तिथे सोलवटते. परींनी दिलेलं सोनं सकाळी वाळकी पानं होऊन जातं, अशी गोष्ट तिकडे गावोगाव आहे. सोन्याच्या पाण्याला त्यापेक्षा थोडे जास्त दिवस लागतात. पिवळा रंगच हवा असेल तर पितळ घ्या.